तळाचा तडा, ग्लेझवरची जाळी आणि भट्टी घ्यायची घाई

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला नोकरी सांभाळून वर्षभर शनिवार-रविवारच्या पॉटरी क्लासला जातेय. चाकावर वाट्या आणि चहाचे मग बऱ्यापैकी जमतात. घरी चाक आलंय, आता छोटी इलेक्ट्रिक भट्टी घ्यायची आहे. पण वाट्यांच्या तळाला इंग्रजी एस अक्षरासारखा तडा जातो आणि ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, बारीक रेषांची जाळी उमटते. अशी भांडी जेवायला वापरावीत का? आणि पुढे रीतसर शिकायचं तर कुठे: कॉलेजात, एखाद्या स्टुडिओत, की गावातल्या कुंभाराकडे?

उत्तर लांबणार आहे, पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. भट्टी आत्ता घेऊ नका. काही महिने क्लासच्या किंवा ओळखीच्या स्टुडिओच्या भट्टीत भाजणावळ देऊन भांडी भाजून घ्या आणि तेवढ्या काळात माती, वाळवण आणि ग्लेझ यांवर हात बसवा. भांडं तडकलं की त्याचं खापर भट्टीच्या माथी फोडायची आपल्याकडे सवय आहे. पण बहुतेक तडे भट्टीत जायच्या आधीच पडलेले असतात, भट्टीत ते फक्त उघडे पडतात. घरची भट्टी आली तरी तोच तडा राहणार, वर विजेचं बिल वाढणार.

तडा कधी पडला, हे भांडंच सांगतं. तडकलेली वाटी उजेडात धरा आणि तड्याच्या कडेवरून हलकेच नख फिरवा. कड गोलसर लागली, ग्लेझ वितळून तड्यात थोडं उतरलेलं दिसलं, तर ग्लेझ वितळलं तेव्हा तडा तिथे होताच. तो वाळताना पडला असेल किंवा बिस्कमध्ये, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत. कड धारदार असेल, ग्लेझ काच तुटावी तसं सरळ तुटलं असेल, तर तडा थंड होताना पडला. पहिल्याचा उपाय चाकावर आणि वाळवणाच्या फळीवर शोधायचा. दुसऱ्याचा भट्टीच्या थंड होण्यात, नाहीतर माती आणि ग्लेझ यांच्या जोडीत. हे न पाहता लोक माती बदलतात, ग्लेझ बदलतात, पुरवठादार बदलतात आणि तडा काही जात नाही.

तुमचा एस आकाराचा तडा पहिल्या जातीतला आहे, याबद्दल मला जवळजवळ शंका नाही. चाकावर भिंत वर ओढताना माती दोन्ही बाजूंच्या बोटांमध्ये दाबली जाते आणि घट्ट होते. तळाच्या वाट्याला हा दाब येत नाही. तळ उघडताना आपण माती नुसती बाजूला सारतो. मग तिथली माती सैल राहते आणि वाळताना भिंतीपेक्षा जास्त आकसते. त्यात नवशिक्यांच्या वाटीत तळाशी पाणी साचलेलं असतं. ते पाणी तळाची माती पिते, म्हणजे आकसणं आणखी वाढलं. म्हणून तळ उघडून झाला की बोटांच्या टोकांनी किंवा लाकडी रिबने (माती दाबायच्या चपट्या पट्टीने) मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेपासून परत मध्यापर्यंत चांगला दाब देत तीन-चार फेऱ्या मारा. आत पाणी दिसलं की काडीला बांधलेल्या स्पंजने लगेच टिपून घ्या. हे भांडं पूर्ण झाल्यावर करून उपयोग नाही, तळाशी अजून हात पोचतो तेव्हाच करायचं.

आणखी एक करा, जिवावर येईल तरी करा. दर बैठकीत जमलेली एक चांगली वाटी तारेने उभी कापा. कापलेली कड समोर धरली की सगळं दिसतं. तळ मध्यभागी जाड आहे का, तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मातीचा ढीग राहिलाय का, काठ कागदासारखा पातळ झालाय का. पूर्ण वाटीकडे बाहेरून कितीही पाहिलं तरी हे कळत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना सुरुवातीचे काही आठवडे मी एकही भांडं घरी नेऊ देत नाही. सगळी कापून पाहायची आणि माती परत मळायला घ्यायची.

आता वाळवण. माझ्या मते कुंभारकामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच, आणि आपल्या हवामानात तर जास्तच. काठ पातळ आणि उघडा, म्हणून तो आधी वाळतो, आकसतो आणि कडक होतो. तळ मात्र फळीला चिकटून ओलाच. नंतर तळाची आकसायची वेळ येते, तेव्हा काठाचं कडक कडं त्याला जागचं हलू देत नाही. ओढाताण होते आणि तळ मध्यात फाटतो. नाशिकच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत पंख्याखाली ठेवलेल्या वाटीचं हे काही तासांत होतं. तेव्हा पंखा बंद. काठावर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, आणि काठ स्वतःचं वजन पेलण्याइतका घट्ट झाला की वाटी पालथी घाला, म्हणजे तळाला हवा लागेल. मगला कान जोडला असेल तर जोडलेल्या जागी ओल सारखी व्हावी म्हणून अख्खा मग एक दिवस प्लास्टिकच्या पिशवीत झाकून ठेवा, मगच सावकाश उघडा. पावसाळ्यात अडचण उलटी. आठवडा गेला तरी भांडं वाळत नाही आणि माणूस वैतागून ते भट्टीत घालतो. बरणी किंवा वाटी वाळली की नाही हे पाहायला ती गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे.

ते पाणी आत असताना भट्टी जोरात चढवली तर भांडं फुटतंच. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते, आणि जाड तळातून तिला निघायला वाट मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात भट्टी ८०-९० अंशांवर, गरज पडल्यास रात्रभर, धरून ठेवायची आणि मगच शंभराच्या पुढे न्यायची. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या टप्प्यात मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. यानंतर ती पुन्हा भिजवून मळता येत नाही. याच टप्प्यात ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. उतरताना त्याच आकड्याला ते तसेच आकसतात. म्हणून चढतानाही आणि उतरतानाही इथे घाई नको. ६०० पर्यंत तासाला ६० ते ८० अंश ही चाल मला सुरक्षित वाटते. बिस्क ९५० ते १००० अंशांवर थांबवा, आणि ९०० पर्यंत भट्टीचं वरचं भोक उघडं ठेवा, म्हणजे मातीतला सेंद्रिय अंश जळून वायू बाहेर जातील. ते आत कोंडले तर पुढच्या भाजणीत ग्लेझमधून बुडबुडे काढत बाहेर येतात आणि तुम्ही ग्लेझला दोष देत बसता.

भट्टीच्या डिजिटल आकड्यावर एकट्या विसंबू नका. थर्मोकपल भट्टीतल्या एका जागेचं तापमान सांगतं. मातीवर आणि ग्लेझवर होणारं काम मात्र तापमान आणि वेळ मिळून ठरतं. १२२० अंशांवर धावत पोचलेली भट्टी आणि सावकाश पोचलेली भट्टी यांतली भांडी वेगळी निघतात. हे मोजण्यासाठी जर्मनीत हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये ठरावीक भाजणीला वाकणारे मातीचे शंकू तयार केले आणि पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी त्यांचं उत्पादन सुरू केलं. आज आपण 'कोन सिक्स', 'कोन टेन' म्हणतो ते हेच. कोन सिक्स म्हणजे साधारण १२२० अंश, कोन टेन म्हणजे १२९० च्या आसपास. वरच्या फळीवर एक आणि खालच्या फळीवर एक शंकू ठेवा, आणि प्रत्येक भाजणीनंतर ते किती वाकले याचं चित्र वहीत काढा. छोट्या भट्टीतही वर-खाली फरक पडतो. पुढे तुमची स्वतःची भट्टी आली की या वहीइतकं उपयोगी दुसरं काही नसेल.

भट्टी घ्यायची वेळ येईल तेव्हा विजेचं गणित आधी मांडा. घरातला १६ अँपियरचा पॉइंट २३० व्होल्टला साडेतीन किलोवॉटच्या थोडं पुढे जातो आणि तासन्‌तास पूर्ण भार सहन करायला तो बनलेलाच नसतो. भट्टीला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं, शिवाय घराचा मंजूर भार तपासायला हवा. जागा हवेशीर हवी, बाल्कनी चालेल, स्वयंपाकघर नको. चाक थोडं साधं असलं तरी चालतं. भट्टी घेताना मात्र हात आखडू नका, म्हणून तर म्हणते की आधी पैसे साठवा.

ग्लेझवरच्या जाळीचं कारण समजून घ्या. ग्लेझ म्हणजे काच. भट्टी थंड होते तेव्हा माती आणि काच दोन्ही आकसतात. काच मातीपेक्षा जास्त आकसू पाहते तेव्हा ती ताणली जाते आणि तिला बारीक तडे जातात. यालाच क्रेझिंग म्हणतात. उपाय बहुतेक वेळा ग्लेझमध्ये सिलिका (काच बनवणारा मुख्य घटक) वाढवणं आणि सोडा-पोटॅशचं प्रमाण कमी करणं हा असतो, किंवा माती पूर्ण पिकेल अशा तापमानाला नेणं हा. उलटं झालं, म्हणजे काच मातीपेक्षा कमी आकसली, तर काठावरून आणि कानावरून ग्लेझचे टवके उडतात. हे मला क्रेझिंगपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं, कारण तो काचेचा तुकडा जेवणात जाऊ शकतो. टवके उडणारं एकही भांडं कोणाला देऊ नका.

जाळी पडलेली वाटी जेवायला वापरावी का, याचं उत्तर ग्लेझपेक्षा खालच्या मातीत आहे. साधी चाचणी आहे. ग्लेझ नसलेला, पण ग्लेझच्याच तापमानाला भाजलेला एक तुकडा कोरडा तोला. मग काही तास पाण्यात उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. २०० ग्रॅमचा तुकडा २०३ ग्रॅम भरला तर मातीने दीड टक्का पाणी प्यायलं. दोन टक्क्यांच्या आत असेल तर स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजून घट्ट होणारी माती, नीट पिकलंय. जाळीमुळे भांड्याची ताकद कमी होईल, दिसायला डाग पडतील, पण आत फारसं काही मुरणार नाही. तुकड्याने सात-आठ टक्के पाणी प्यायलं तर जाळीतून आमटीही आत जाणार, वास धरणार आणि मायक्रोवेव्हमध्ये भांडं हाताला भाजण्याइतकं तापणार. अशी वाटी झाडाखाली ठेवा, पानावर नको. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुमच्या क्लासमध्ये कोन सिक्सची माती त्याहून खालच्या तापमानाला भाजली जातेय. तिथे शंकू ठेवायला सांगा.

शिसं हा वेगळा विषय आहे आणि त्याबाबत मी तडजोड करत नाही. बाजारात सुटी मिळणारी, लेबल नसलेली फ्रिट (ग्लेझसाठीची काचेची भुकटी) कितीही स्वस्त आणि चमकदार असली तरी तिच्यात शिसं असू शकतं, म्हणून खाण्याच्या भांड्याला लावू नका. भडक लाल-पिवळ्या रंगांचंही तेच. लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ते ग्लेझ आंबटाला टिकत नाही. पण डाग पडला नाही म्हणून ग्लेझ सुरक्षित ठरत नाही. विकायला काढण्याआधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यायलाच हवं.

ग्लेझ शिकायचं तर तयार बाटल्यांवर थांबू नका. निदान एक कृती स्वतः घोटून बघा. जगभर स्टुडिओंत चालत आलेली कोन टेनची एक कृती चार ओळींची आहे: फेल्डस्पार ४० भाग, सिलिका ३०, व्हाइटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट २०, चायना क्ले १०. सिलिका एकटी वितळवायची तर १७०० अंश लागतात. फेल्डस्पार आणि व्हाइटिंग तिला खाली आणतात. चायना क्लेतली अॅल्युमिना ग्लेझला भिंतीवरून ओघळू देत नाही. यातला एकेक घटक पाच-पाच भागांनी कमी-जास्त करून दहा-बारा टाइल भाजा. कोण काय करतं ते डोळ्यांना दिसेल आणि मग कुठलीही कृती वाचता येईल. तुमच्या कोन सिक्ससाठी मात्र बोरॉनची फ्रिट लागेल, ही कृती जशीच्या तशी वितळणार नाही. रंगांचंही तसंच. एक-दोन टक्के लोहाने येणारा सेलेडॉनचा हिरवट निळा रंग गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत, ऑक्सिजन कमी ठेवून मिळतो. तेच लोह इलेक्ट्रिक भट्टीत मधासारखा पिवळा देतं. त्यामुळे मोबाइलवर पाहिलेला फोटो समोर ठेवून तीच छटा इलेक्ट्रिक भट्टीत शोधत बसू नका. कोबाल्ट मात्र दोन्हीकडे निळंच राहतं, अर्धा टक्काही पुरतो.

हे सगळं भुकटीचं काम असतं, तेव्हा एन-९५ मास्क लावा आणि स्टुडिओ कधीही झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही.

आता शिक्षण. ज्यांना पूर्ण वेळ द्यायचाय त्यांच्यासाठी मुंबईच्या सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिकचं शिक्षण आहे आणि तिथली परंपरा जुनी आहे. १८७० च्या दशकात तिथल्या जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची कार्यशाळा सुरू केली आणि तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरली. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) सिरॅमिक आणि काच यांच्या डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नोकरी सोडायची नसेल तर मी तुम्हाला कॉलेजपेक्षा निवासी स्टुडिओ सुचवेन. भारतातली स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कलाकारांनी आपल्या स्टुडिओत घडवलेली भांडी, मुख्यतः दोन झऱ्यांतून वाढली. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, तिथे स्टुडिओ पॉटरीच्या पहिल्या पिढीच्या सहवासात आले आणि १९५२ मध्ये त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. हिमाचलमधल्या अंद्रेट्टा गावातला पॉटरी स्टुडिओ त्याच घराण्याचा. दुसरा झरा पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ मध्ये उभी केली आणि आजचे किती तरी नावाजलेले कलाकार तिथून घडले. आपल्याकडे भाईंदरला ब्रह्मदेव राम पंडित आहेत. बिहारमधल्या कुंभाराच्या घरात जन्मून स्टोनवेअरमध्ये नाव कमावलेले, २०१३ चे पद्मश्री. त्यांच्या भांड्यांपुढे उभं राहिलात तर परंपरेचा हात आणि आधुनिक ग्लेझ एकत्र आल्यावर काय होतं ते दिसेल.

एक अभ्यास मात्र मी प्रत्येकाला करायला लावते, आणि त्याला फी पडत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे संस्कृतीची भांडी पाहा. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. काळ साधारण इ. स. पूर्व १४०० ते ७००. लाल अंगावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, कंगोरा असलेलं पोट आणि लांब नळीची तोटी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात कुंभाराची गोल भट्टीही सापडली आहे. ती तोटी पोटाला कुठे आणि कशी जोडली आहे ते बारकाईने पाहा. किटलीची तोटी जोडताना आपण ज्या अडचणीत सापडतो, ती त्यांनी तीन हजार वर्षांपूर्वी सोडवली होती. कुठेही फुटक्या खापराची कड पाहायला मिळाली तर तीही वाचा. दोन्ही बाजूंना लाल आणि मध्ये करडी-काळी पट्टी दिसली, तर आतला कार्बन पूर्ण जळण्याआधीच आच संपली होती. असाच काळा गाभा तुमच्या घाईत केलेल्या बिस्कमध्येही निघतो.

कुंभाराकडे जावं का? जरूर जा. पण तिथे ग्लेझचा मग शिकायला जाऊ नका, मातीची निवड शिकायला जा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना भेगाळते, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. असा एक बारीक खडा भांड्यात राहिला तर भाजताना त्याचा चुना होतो. पुढे तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि भट्टीतून नीट निघालेल्या भांड्याचा टवका काही दिवसांनी आपोआप उडतो. त्या टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. म्हणून कुंभार तळ्याचा गाळ निवडून आणतो, चाळतो, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळतो. लिदीतले तंतू मातीला बांधून ठेवतात आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, जळून बारीक छिद्रं मागे ठेवतात. माठातलं पाणी गार होतं ते याच छिद्रांतून झिरपून वाफ झाल्यामुळे. तुमच्या स्टोनवेअर मगमध्ये जी सच्छिद्रता दोष ठरते, ती माठाचा गुणच आहे. चाकावर माठाचं तोंड आणि जाड पोट काढून, नंतर आतून गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ते पोट मोठं आणि पातळ करत नेतात, ते जवळ बसून बघा. मातीवर दाब कसा आणि किती द्यायचा, हे मला कुठल्याही क्लासपेक्षा त्या ठोकण्याच्या आवाजातून जास्त कळलं. ठोका नीट बसत गेला की आवाज बदलतो.

वेळ मात्र बघून जा. नवरात्राआधी घट, दिवाळीआधी पणत्या, संक्रांतीआधी सुगडं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माठ, या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. भर पावसात उघडा आवा लावता येत नाही. दिवाळी उरकल्यावर सुगडांची घाई सुरू होईपर्यंतचे काही आठवडे बरे. शिकवणीचे पैसे आधी ठरवा आणि दिवसभर बसणार असाल तर त्यांचा तेवढ्या दिवसाचा जो माल बुडेल त्याच्या हिशेबाने द्या. माती तुडवायला, चाळायला स्वतःहून हात लावा. आवा लावायच्या दिवशी हजर राहता येईल का, ते मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्या.